जागा मागताना

रायपूरच्या गोल बाजारात सणासुदीपूर्वी एखादी गृहिणी खरेदीला निघाली, की तिचा निम्मा वेळ वस्तू पाहण्यात आणि निम्मा वेळ भाव करण्यात जातो. पितळी समईवर बोट ठेवून ती म्हणते, "भैया, ठीक-ठीक लगाओ." दुकानदार मान हलवतो, "इतने में नहीं पड़ेगा, दीदी." ती दोन पावले पुढे जाते. तो तिला परत हाक मारतो, किंवा मारत नाही. व्यवहार जमला तर दोघांचेही समाधान होते. न जमला तरी कोणाच्या मनात किल्मिष राहत नाही. पुढच्या आठवड्यात तीच गृहिणी त्याच दुकानाच्या पायरीवर उभी असते. मागणे आणि नाकारणे या दोन्ही गोष्टी तेथे इतक्या सहजपणे घडतात, की त्यांत काही सभ्यता आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हीच गृहिणी चार दिवसांनी सासूबाईंना घेऊन पुण्याच्या गाडीत बसते, तेव्हा चित्र पालटते. तिच्या वाट्याला मधला बर्थ आला आहे आणि सासूबाईंच्या वाट्याला वरचा. समोरच्या खालच्या बर्थवर एक तरुणी पुस्तक उघडून बसली आहे. येथेही काहीतरी मागायचेच आहे. परंतु बाजारात जिची जीभ कधी अडखळली नाही, ती दुर्ग गेले, राजनांदगाव गेले तरी गप्प राहते. अखेर ती बोलते, आणि बोलते ती मागण्याच्या स्वरात नव्हे. "आजींना वर चढता येत नाही. तू एकटीच आहेस ना? तू जा वर." तरुणी क्षणभर थांबते. आजूबाजूच्या सर्वांचे डोळे तिच्याकडे वळलेले असतात. ती पुस्तक मिटते आणि सामान उचलू लागते.

रायपूरमधील मराठी कुटुंबांना हा प्रसंग परका नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये छत्तीसगडात शिरल्या, १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून येथील कारभार पाहिला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत या प्रदेशाचा नागपूरशी संबंध राहिला. पुढे मध्य प्रांतातही रायपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. या दीर्घ काळात मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांतून त्यांच्या पिढ्या वाढल्या. मात्र मुलीची सासरे, मुलांची महाविद्यालये आणि म्हाताऱ्यांची औषधपाण्याची ठिकाणे पुष्कळदा नागपुरात किंवा पुण्यात असतात. त्यामुळे रेल्वेचा डबा हा त्यांच्या कौटुंबिक जीवनाचाच एक भाग झाला आहे. अशा डब्यात जागेची अदलाबदल रोजच होते. तिचा शिष्टाचार मात्र कोणी कोणाला शिकवत नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. ज्या मागणीला 'नाही' असे उत्तर देता येते, तिलाच विनंती म्हणता येते. उत्तर आधीच ठरवून केलेली मागणी शब्दांनी कितीही गोड असली तरी ती आज्ञाच असते. जून १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्झबर्ग स्थानकावर पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असलेल्या तरुण मोहनदास गांधींना सामानाच्या डब्याकडे जाण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना गाडीतून उतरवण्यात आले. तेथे वंशद्वेष होता आणि सत्ता होती. रायपूरच्या डब्यातील सूनबाईंशी त्याची तुलना करणे अन्यायाचे होईल. तरीही जागा ही केवळ बसण्यापुरती वस्तू नाही, तिच्याशी माणसाचा मान जोडलेला असतो, हे त्या प्रसंगाने साऱ्या जगाला कळले आहे. जागा सोडावी लागणे आणि जागा देणे यांतील अंतर देणाऱ्यालाच नेमके कळते.

मग बाजारात सहज उच्चारला जाणारा नकार डब्यात इतका अवघड का होतो? बाजारातला नकार वस्तूच्या किमतीला असतो. समई तेवढ्यात परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डब्यातला नकार मात्र माणसाच्या चांगुलपणालाच नकार असल्यासारखा वाटतो. शिवाय तेथे प्रेक्षक असतात आणि त्यांच्यासोबत पुढचे कित्येक तास काढायचे असतात.

या संकोचाचा एक विलक्षण अभ्यास झालेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवले. बसलेल्या अनोळखी प्रवाशापुढे उभे राहून, कोणतेही कारण न देता, 'तुमची जागा मला देता का?' एवढेच त्यांनी विचारायचे होते. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार सुमारे ६८ टक्के वेळा लोकांनी जागा दिली किंवा सरकून जागा करून दिली. 'उभ्याने मला पुस्तक वाचता येत नाही' असे क्षुल्लक कारण पुढे केले, तेव्हा हे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर आले. म्हणजे अचानक विचारणाऱ्याला नाही म्हणणे बहुतेकांना सुचत नाही. कारण ऐकले की मात्र माणूस ते तोलू लागतो. याहून उद्बोधक भाग विचारणाऱ्यांचा आहे. विद्यार्थ्यांना हे काम फार जड गेले. स्वतः मिलग्रॅम एकदा विचारायला गेले तेव्हा शब्द त्यांच्या घशातच अडकले. आणि जागा मिळाल्यावर, आपण ती मागितली हे योग्य ठरावे म्हणून, ते नकळत आजारी माणसासारखे मान खाली घालून बसले.

या प्रयोगातून निघणारा अर्थ विचारणाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. समोरचा माणूस 'हो' म्हणाला म्हणून तो राजी होता असे होत नाही. तो भिडेखातर उठलेला असू शकतो. भीड ही भिकेची बहीण, असे जुने लोक म्हणत, ते भिडस्त माणसाचे नुकसान कसे होते हे सांगण्यासाठी. परंतु दुसऱ्याच्या भिडेवर आपली सोय साधणाऱ्याविषयी मात्र भाषेने फारसे काही म्हटलेले दिसत नाही. त्याची जबाबदारी अधिक आहे, कारण समोरच्याला नकार देणे कठीण जाते हे तोही आपल्या अनुभवावरून जाणतो.

ही भीड सर्वांत जास्त कोणाला भोवते? एकट्या प्रवाशाला. चौघांचे कुटुंब एकत्र बसावे म्हणून उठवला जातो तो एकटाच असलेला माणूस. 'तुम्ही काय, एकटेच आहात' या वाक्यात एक गृहीत दडलेले असते, की एकट्याला गरजा नसतात. वस्तुस्थिती अनेकदा उलट असते. कुटुंबातील एकाला पाणी हवे झाले तर दुसरा उतरतो, एक झोपला तर दुसरा सामान राखतो. एकट्याला हे सगळे स्वतःच करावे लागते. रात्रीच्या प्रवासात एकटी स्त्री वरचा बर्थ मुद्दाम मागून घेते, कारण तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा स्पर्श होत नाही. एखादी दुसरी स्त्री खालचा बर्थ घेते, कारण तिला दिवस गेले आहेत आणि अजून कोणाला ते दिसत नाही. एखाद्याला फिट्स येतात. उंचावर झोपणे त्याला धोक्याचे असते. मधुमेही माणसाला रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. यांपैकी कोणतीही गोष्ट डब्यातल्या लोकांना सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. पुस्तक वाचणाऱ्या त्या तरुणीकडे यांतील एखादे कारण असेल, किंवा काहीच नसेल. तिने ती जागा वेळेत तिकीट काढून मिळवली, एवढे कारणही पुरेसे आहे.

दुसरा भोळा बळी म्हणजे नवखा प्रवासी. आयुष्यात प्रथमच लांबच्या गाडीत बसलेला एखादा मजूर हातातले तिकीट कोणाला तरी दाखवतो. 'तुमचं तिकडे आहे, पुढच्या डब्यात', असे ठामपणे सांगून कोणी त्याला आपल्या जागेवर पाठवतो. तो मुकाट्याने जातो. तिकडे तपासनीस वेगळेच नाव वाचतो. आणि इकडे त्याच्या मूळ जागेवर तो दिसला नाही, तर त्याला गैरहजर धरून ती जागा प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्याला मिळू शकते. म्हणून डब्याचा क्रमांक, बर्थचा क्रमांक आणि तो खालचा, मधला की वरचा, हे तिकिटावरून स्वतः वाचता येणे फार मोलाचे आहे. शयनयान डब्यातील मुख्य कप्प्यात सहा आणि बाजूला दोन असे आठ बर्थ असतात. १ आणि ४ क्रमांकाचे खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ बाजूचा खालचा, ८ बाजूचा वरचा. पुढे हाच क्रम चालू राहतो. एवढे ठाऊक असलेल्या माणसाला उठवणे सोपे नसते.

मागणे वाईट आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. एकमेकांसाठी सरकणारी माणसे या देशात आहेत, म्हणून तर येथील प्रवास सुसह्य होतो. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू देणे हा अलिखित नियमच आहे. दूरवर जाणारा माणूस निम्म्या वाटेवर उठतो आणि उभ्या असलेल्या सोबत्याला बसवतो. त्याबद्दल कोणी आभार मानत नाही, कारण उद्या ही पाळी उलटणार असते. राज्य परिवहनाच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची चाल तर कैक पिढ्यांनी पाळली. फडक्याच्या तुकड्याला एवढा मान देणारा समाज निष्ठुर नक्कीच म्हणता येणार नाही. अर्थात रुमाल आधी कोणाचा पडला यावरून झालेली भांडणेही त्याच पिढ्यांनी ऐकली आहेत.

प्रश्न आहे तो मागण्याच्या रीतीचा, आणि त्याची सुरुवात गाडीत बसण्याच्या पुष्कळ आधी होते. साठ वर्षांवरील पुरुष, पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी रेल्वेने खालच्या बर्थचा राखीव कोटा ठेवलेला आहे. शयनयान वर्गाच्या प्रत्येक डब्यात असे सहा-सात बर्थ असतात. पण हा कोटा एकट्याने किंवा दोघांनीच तिकीट काढणाऱ्या अशा प्रवाशांसाठी आहे. आजोबा-आजींचे नाव मुला-नातवंडांच्या एकाच मोठ्या तिकिटात घातले, की त्यांचा हा लाभ सहसा जातो. डब्यात दिसणाऱ्या अनेक केविलवाण्या विनंत्यांचा उगम या एका अजाणतेपणात आहे. संगणकावर तिकीट काढताना 'निदान एक खालचा बर्थ मिळणार असेल तरच तिकीट द्यावे' असाही पर्याय निवडता येतो. गाडी सुटल्यावर एखादा खालचा बर्थ रिकामा राहिला, तर तो वृद्ध, अपंग किंवा गरोदर प्रवाशाला देण्याचा अधिकार तपासनिसाला असतो. या वाटा धुंडाळून झाल्यावर अनोळखी माणसाकडे वळणे योग्य. रेल्वेने जे देऊ केले आहे ते न घेता सहप्रवाशाच्या खिशात हात घालणे कितपत बरे?

प्रत्यक्ष विचारताना आपली जागा कोणती आहे हे प्रथम सांगितले पाहिजे. गोल बाजारातला दुकानदार समईला पोचा असेल तर तो दाखवतो, निदान दाखवायला हवा. तसेच येथेही आहे. 'माझी जागा बदलून देता का?' असे मोघम विचारायचे आणि समोरचा उठल्यावर त्याला स्वच्छतागृहाशेजारचा बाजूचा वरचा बर्थ दाखवायचा, ही फसवणूक आहे. खिडकीच्या बदल्यात खिडकी, खालच्याच्या बदल्यात खालचा, हा सरळ व्यवहार. आपल्याकडची जागा कमी प्रतीची असेल तर ते उघडपणे सांगावे. प्रवासाचा टप्पाही सांगावा. रायपूरहून नागपूरपर्यंतच जाणाऱ्याने पुण्याला जाणाऱ्याशी बर्थ बदलला, तर नागपूरला त्या बर्थवर नव्या प्रवाशाचा हक्क सुरू होतो. मध्यरात्री दिवा लावून कोणी तिकीट पुढे धरतो, आणि ज्याने उपकार केला त्याला पांघरूण गुंडाळून आपली मूळ जागा शोधत फिरावे लागते. तोवर उपकार घेणारा नागपूरला उतरून घरीही पोचलेला असतो.

समोरच्याचे सामान लागण्यापूर्वी विचारावे. त्याच्या जागेवर आधी बसून नंतर विचारू नये. त्या अवस्थेत विचारणे म्हणजे ताबा घेऊन भाडे ठरवण्यासारखे आहे. लहान मुलाला रडवून किंवा म्हाताऱ्या माणसाला पुढे करून विचारू नये. आणि 'ॲडजस्ट करा' हा शब्द शक्य तेवढा टाळावा. इंग्रजीतून आलेला हा शब्द भारतीय भाषांत येऊन मोठा चमत्कारिक झाला आहे. त्याचा कर्ता नेहमी दुसराच असतो. 'सरकता का' या मराठी प्रश्नात निदान प्रश्नचिन्ह तरी आहे.

नकार मिळाल्यावर काय करायचे, यात मागणाऱ्याची खरी परीक्षा होते. 'असू द्या, हरकत नाही' म्हणून विषय संपवणे अनेकांना जमत नाही. मग शेजाऱ्याकडे वळून, ऐकू जाईल अशा आवाजात, 'आजकालची मुलं' या विषयावर चर्चा सुरू होते. ही चर्चा म्हणजे नकाराबद्दलचा दंड होय. तो भरायला लावणाऱ्याने मुळात विनंती केलीच नव्हती असे म्हणावे लागते.

विमानप्रवासात हा प्रश्न अलीकडे अधिक टोकदार झाला आहे. रायपूरजवळच्या माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळावरून आता लग्नाकार्यासाठीही सहकुटुंब प्रवास होतो. भारतातील विमान कंपन्यांना पसंतीच्या आसनासाठी वेगळे शुल्क घेण्याची मुभा २०१३ मध्ये मिळाली. तेव्हापासून खिडकीजवळ बसलेल्या माणसाने ती खिडकी पुष्कळदा विकत घेतलेली असते. त्याला 'कुठेही बसलं तरी विमान एकाच वेळी पोचणार' असे ऐकवणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे होय. दुसऱ्या बाजूला, शुल्क न भरल्यामुळे आई एका रांगेत आणि लहान मूल दुसऱ्या रांगेत, असे प्रकार घडू लागले. २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सूचना दिली, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरील आई, वडील किंवा पालक यांपैकी निदान एकाच्या शेजारचे आसन कंपनीने द्यावे. हा निर्णय योग्यच होता. कंपनीने निर्माण केलेली अडचण सोडवण्याचा भार तोपर्यंत शेजारच्या प्रवाशाच्या भलेपणावर पडत होता. अदलाबदल ठरली तरी विमानातील कर्मचाऱ्यांना सांगितल्याशिवाय हलू नये, हे नवख्यांना ठाऊक नसते. आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत लहान मुले किंवा अशक्त माणसे बसू शकत नाहीत, आणि लहान विमानात प्रवाशांच्या वजनाची विभागणीही पाहावी लागते.

नकार देणाऱ्याच्याही बाजूला थोडे सौजन्य असावे. कारण सांगण्याची गरज नाही; पण तोंड फिरवून कानांत यंत्र घालण्याचीही नाही. 'क्षमा करा, मला हीच जागा हवी आहे' एवढे वाक्य पुरते. आणि ज्याला खरोखर काही फरक पडत नाही त्याने, केवळ हक्क आहे म्हणून, गुडघे धरून बसलेल्या वृद्धेसमोर तो मिरवू नये, हेही तितकेच खरे.

पुण्याच्या गाडीतील त्या प्रसंगात एका व्यक्तीला कोणीच काही विचारले नव्हते. ती म्हणजे स्वतः आजी. जिच्या नावाने जागा मागितली गेली, ती खाली मान घालून पदराशी चाळा करत बसली होती. अशा वेळी सूनबाई गप्प राहिल्या आणि आजीच बोलल्या, तर संवाद वेगळा होतो. "बाळ, माझा वरचा बर्थ आहे. गुडघ्यांमुळे चढवत नाही. तुला जमण्यासारखं असेल तर बघ, नाही तर मी टीसीला विचारते." तरुणी म्हणू शकते, "आजी, मला चक्कर येते, वर नाही झोपता येत. पण दहा वाजेपर्यंत तुम्ही इथेच पाय पसरून बसा." रेल्वेच्या नियमाप्रमाणे झोपण्याची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा आहे, तोवर खालची बैठक तशीही सर्वांची असते. गोंदियाच्या पुढे तपासनीस येतो, यादी पाहतो आणि दोन कप्पे सोडून रिकामा राहिलेला एक बाजूचा खालचा बर्थ दाखवतो. तरुणी पुस्तक बाजूला ठेवून आजींची पिशवी तिकडे पोचवून येते. पिशवी जड असते; तिच्यात गोल बाजारातली समई असते.